तबरी म्हणतो, म्हणजे नेमकं कोण म्हणतं?

ठाण्यावर अरबांची स्वारी इ.स. ६३६ च्या सुमारास झाली होती का, हा वाद आपल्याकडे दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटात नव्याने पेटतो. एकजण बलाझुरी या अरबी इतिहासकाराच्या ग्रंथाचं नाव टाकतो आणि ‘घ्या पुरावा’ म्हणून मोकळा होतो. दुसरा लगेच वजाबाकी करून दाखवतो: बलाझुरी वारला ८९२ साली, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी; असल्या ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणायचं का? मग तिसरा येऊन बजावतो की मुस्लिम इतिहासकारांइतकी काटेकोर साक्षीपुराव्याची पद्धत त्या काळी जगात कुणाकडेच नव्हती, तेव्हा शंका घेणाऱ्याच्या मनातच खोट आहे. रात्री साडेअकरापर्यंत हे चालतं आणि शेवटी कुणीतरी फुलांचं चित्र टाकून शुभरात्री म्हणतं. तिघांपैकी एकानेही मूळ मजकूर उघडलेला नसतो. तो जेमतेम चार-पाच ओळींचा आहे.

तिघांची चूक एकच आहे. ‘मुस्लिम इतिहासकार’ नावाचा एक माणूस कल्पून ते त्याला पिंजऱ्यात उभा करतात आणि तो खरा की खोटा एवढाच निकाल मागतात. प्रत्यक्षात हिजरी सनाच्या पहिल्या तीन शतकांत इतिहास लिहिण्याच्या किमान चार-पाच रीती एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या आणि एकमेकींवर उघड आरोप करत होत्या. मदिनेचा चरित्रकार, हदीसचा (म्हणजे प्रेषितांच्या वचनांचा आणि आठवणींचा) परीक्षक, दफ्तरातला कारकुनी वळणाचा लेखक, बसराचा गोष्टी गोळा करणारा, जहाजातून हिंडणारा प्रवासी. प्रत्येकाची पुराव्याची कल्पना वेगळी. म्हणून माझं म्हणणं असं की विश्वासार्हतेचा प्रश्न ग्रंथाला विचारून भागत नाही, तो ग्रंथातल्या एकेका खबरीला विचारावा लागतो. आणि तो विचारता यावा म्हणून ज्याने आपल्या लिखाणाची शिवण उघडी ठेवली, तो इतिहासकार गुळगुळीत गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा आपल्या जास्त कामाचा. या कसोटीवर मी अबू जाफर तबरीला सगळ्यांच्या वर ठेवतो, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

या चर्चेतले कळीचे शब्द मराठी कानाला परके नाहीत. ‘खबर’ म्हणजे कुणीतरी सांगितलेली एक सुटी घटना, अनेकवचन ‘अखबार’. ती दोन ओळींची असेल किंवा दहा पानांची, पण आपल्यापुरती पूर्ण असते. (आपल्या ‘बखर’मध्ये हीच खबर अक्षरं उलटसुलट होऊन बसली आहे, असं काही जाणकार मानतात.) ‘तारीख’ म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. आणि ‘सनद’ म्हणजे मुळात ज्याला टेकून उभं राहायचं तो आधार. खबरीच्या आधी ‘मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, तो तिथे हजर होता’ अशी जी नावांची माळ येते, तिला त्याच धातूवरून ‘इस्नाद’ म्हणतात. वतनाच्या तंट्यात महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करताना आधी हाजिर मजालस, म्हणजे बैठकीला कोण कोण होतं त्यांची नावं लिहीत. ज्यांनी असे कागद पाहिले आहेत, त्यांना इस्नाद समजायला वेळ लागू नये. आधी माणसं, मग मजकूर.

आता रीतींचं भांडण पाहू. मदिनेत सुमारे ७०४ साली जन्मलेला इब्न इसहाक हा प्रेषित मुहंमद यांचा सर्वांत जुना मोठा चरित्रकार. त्याचा ग्रंथ आपल्या हाती जसाच्या तसा नाही. त्याचा शिष्य बक्काई आणि बक्काईकडून ऐकलेला इब्न हिशाम, अशा वाटेने तो आला. इब्न हिशामने त्यात कात्री चालवली, आणि गंमत म्हणजे तसं प्रस्तावनेत सांगूनही टाकलं. ज्यात प्रेषितांचा संबंध नाही ते वगळलं, कुणाला ठाऊक नसलेल्या कविता वगळल्या, ज्यांची चर्चा लाजिरवाणी ठरेल अशा गोष्टी वगळल्या, काहींना दुखावतील अशाही वगळल्या. आजच्या किती संपादकांच्या अंगी एवढा उघडेपणा आहे? खुद्द इब्न इसहाकलाही सगळंच पटत होतं असं नाही. शंका असेल तिथे तो ‘त्यांचा दावा असा आहे’ अशा अर्थाचं क्रियापद वापरतो किंवा ‘खरं काय ते ईश्वर जाणे’ म्हणून पुढे सरकतो. तरीही मदिनेचे थोर धर्मशास्त्री मालिक इब्न अनस त्याला ‘दज्जाल’ म्हणजे महाठक म्हणाले. धर्मांतरित यहुद्यांच्या वंशजांकडून त्याने खैबर या अरबस्तानातल्या यहुदी वस्तीवरच्या स्वारीसारख्या मोहिमांची माहिती घेतली, हाही त्याच्यावरचा ठपका. जरा विचार करा: ज्यांचा पराभव झाला त्यांच्या नातवंडांना जाऊन विचारणं हा आज इतिहासकाराचा गुण मानू की दोष?

वाकिदी (७४७ ते ८२३) हा त्याहून वेगळा प्राणी. त्याला जागा आणि तारखा हव्या असत. एखाद्या लढाईत पडलेल्या माणसाचे वंशज भेटले की तो विचारी, तुमचा माणूस नेमका कुठे पडला? आणि मग स्वतः ती जागा पाहायला जाई. मक्केत एकाला तो पाण्याची चामडी पिशवी घेऊन निघालेला दिसला. कुठे, विचारल्यावर म्हणाला, हुनैनला, लढाईची जागा बघायला. ही गोष्ट वाचली की मला आपल्याकडचे गडकोट तुडवणारे संशोधक आठवतात. पाठीवर पाणी, डोक्यावर ऊन आणि मनात एकच प्रश्न, सैन्य आलं कुठून असेल? पण याच वाकिदीला अहमद इब्न हंबल यांच्यासारख्या हदीसच्या परीक्षकांनी खोटारडा ठरवलं. आक्षेप असा की तो पाच-सहा जणांची कथनं घेतो, त्यांची नावं सुरुवातीला एकत्र लिहितो आणि मग ‘ते म्हणाले’ म्हणून सगळ्यांचं मिळून एकच कथन विणतो. कुणी काय म्हटलं ते कळायला मार्ग राहत नाही. वाचायला हे अधिक छान लागतं, यात शंका नाही. पण परीक्षकांची तक्रार बरोबर होती, आणि तिचा पुरावा बाराशे वर्षांनी मिळाला: ज्या छोट्या मोहिमांबद्दल आधीच्या इब्न इसहाकला फारसं काही ठाऊक नाही, तिथे नंतरच्या वाकिदीकडे नेमकी तारीख आहे, वाटेचे मुक्काम आहेत, माणसांचे संवाद आहेत. काळ जसा लांबतो तशी माहिती कमी व्हायला हवी. इथे ती वाढते. पॅट्रिशिया क्रोन या इतिहासकारांनी हे नेमकं दाखवून दिलं. शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरीतच घोड्याचा रंग आणि सरदाराचे शेवटचे शब्द सापडतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

हदीसवाल्यांची स्वतःची रीत काय होती? ते मजकुराआधी माणूस तपासत. सांगणारा कुठे जन्मला, कुणाला भेटू शकला असता, म्हातारपणी स्मरणशक्ती ढासळली होती का, कुठल्या पंथाकडे झुकला होता, हे सगळं नोंदवण्याचं एक शास्त्रच उभं राहिलं. वाकिदीचाच लेखनिक इब्न साद याने पिढ्यांनुसार चार हजारांहून अधिक माणसांची चरित्रं लिहिली आणि एक अख्खा भाग स्त्रियांना दिला. कुणी कुणाकडून ऐकलं हे तपासण्यासाठी एवढी मोठी माणसांची जंत्री त्या काळात दुसऱ्या कुठल्या समाजाने केली असेल असं मला वाटत नाही. गटातल्या तिसऱ्या माणसाच्या म्हणण्यात इतकं तथ्य नक्कीच आहे.

बलाझुरीची तऱ्हा आणखी निराळी. तो अब्बासी दरबारात वावरणारा. त्याच्या ‘फुतूह अल-बुलदान’ या ग्रंथात प्रत्येक गावाबद्दल एक प्रश्न सारखा डोकावतो: हे तलवारीने घेतलं की तहाने? हा शौर्याचा प्रश्न नव्हता, साऱ्याचा होता. जबरीने जिंकलेल्या जमिनीवरचे हक्क वेगळे, तह करून आलेल्या गावावरची आकारणी वेगळी, आणि दोनशे वर्षांनंतरही त्यावरून वाद चालू होते. त्यामुळे या ग्रंथाला इनामांच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशनच्या कागदांची कळा आहे. शेवटी शेवटी तर तो शिक्के, लिपी आणि दफ्तराची भाषा ग्रीक-फारसीवरून अरबीवर कशी आली याची प्रकरणं देतो. अशा ग्रंथात एखादी स्वारी नोंदलेली दिसली, की ती का नोंदली गेली हे आधी विचारायला नको का?

आणि मग तबरी. तबरिस्तानातल्या आमुल गावी ८३९ साली जन्मला, बगदादला स्थायिक झाला, ९२३ मध्ये वारला. प्रेषितांचा आणि राजांचा त्याचा इतिहास सृष्टीच्या आरंभापासून सुरू होतो आणि हिजरी ३०२, म्हणजे ९१५ पर्यंत येतो; इंग्रजीत त्याचे चाळीस खंड झाले. हिजरतीनंतर, म्हणजे प्रेषित मक्केहून मदिनेला गेले तिथपासून, तो वर्षावर्षाने चालतो. एका वर्षात एका घटनेची एक खबर देतो, मग दुसरी, मग ‘वाकिदीच्या मते मात्र’ म्हणून तिसरी. पुष्कळदा निकाल देत नाही. प्रस्तावनेत त्याने बजावूनच ठेवलंय की या ग्रंथातली एखादी खबर वाचणाऱ्याला खटकली, ऐकणाऱ्याला अशक्य वाटली, तर त्याने समजावं की ती आमच्याकडून आलेली नाही, ती आम्हांला ज्यांनी सांगितली त्यांच्याकडून आलेली आहे. आमच्यापर्यंत जशी पोचली तशी आम्ही पोचवली. नीट शिवलेली शाल हवी असणाऱ्याला हा ग्रंथ गोधडी वाटतो. कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा, हे मात्र गोधडीतच ओळखता येतं.

म्हणूनच ‘तबरी म्हणतो’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. तबरी स्वतः क्वचितच काही म्हणतो. करबलाची (इ.स. ६८०) हृदयद्रावक कहाणी त्याच्या ग्रंथात मुख्यत्वे कूफ्याच्या अबू मिखनफची आहे, आणि शेजारी त्याच घटनेची दुसरी, बरीच त्रोटक हकिकतही आहे. खलिफा उस्मान यांच्या खुनाला अब्दुल्ला इब्न सबा नावाच्या कारस्थान्याची फूस होती ही गोष्ट आजही प्रचारात फिरते. तीही ‘तबरीची’ म्हणून. ती जवळजवळ सगळी सैफ इब्न उमर या एकाच माणसाची आहे, आणि सैफला हदीसच्या परीक्षकांनी रचून सांगणारा म्हणून केव्हाच बाद केलेलं होतं. ही माहिती कुठल्या गुप्त हस्तलिखितात नाही. तबरीच्या त्याच पानावर, खबरीच्या पहिल्या ओळीत सैफचं नाव लिहिलेलं आहे. आपण ती ओळ गाळून पुढचं वाचतो, यात तबरीचा काय दोष?

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: नावांची माळ खोटीही गुंफता येते. ज्या समाजात साखळीला मान आहे तिथे साखळ्यांचा धंदाही चालणार. गोल्डत्सिहर आणि पुढे शाख्त या युरोपीय अभ्यासकांनी दाखवलं की कित्येक साखळ्या काळाबरोबर मागे मागे वाढत गेल्या. आधी जी गोष्ट एखाद्या शिष्याच्या नावावर होती ती पुढे गुरूच्या आणि मग थेट प्रेषितांच्या नावावर गेली. हे खरं आहे, आणि ‘आमची साखळी अभेद्य’ म्हणणाऱ्यांनी ते मुकाट्याने मान्य करावं. पण यावरून काय निघतं? साखळी खोटी आहे हे त्या अभ्यासकांना कळलं कशावरून? साखळ्या लिहून ठेवल्या होत्या म्हणूनच. एकाच मजकुराच्या दहा माळा शेजारी मांडल्या की त्या कुठल्या मण्यापाशी एकत्र येतात ते दिसतं, आणि तो मणी म्हणजे गोष्ट पसरवणारा माणूस. नावं पुसून टाकली असती तर गुन्हाही लपला असता आणि गुन्हेगारही.

दुसरा आक्षेप तबरीवरच आहे, आणि तो मला स्वतःला टोचतो. ‘जसं आलं तसं दिलं’ म्हणणारा हा माणूस गाळतोही. उस्मान यांच्या खुनाच्या कारणांबद्दल लिहिताना तो सांगतो की त्यांतली पुष्कळ आपण मुद्दाम दिलेली नाहीत. पहिल्या खलिफांचा मुलगा मुहंमद इब्न अबी बक्र आणि पुढे खलिफा झालेला मुआविया यांच्यातला पत्रव्यवहार आला की म्हणतो, यात असं काही आहे जे सामान्य लोकांना ऐकवणार नाही, म्हणून देत नाही. म्हणजे निःपक्ष पोस्टमनचा आव खोटाच. निवड ही त्याची भूमिका आहे. कुणाला किती पानं दिली यातही भूमिका आहे. बगदादमध्ये हंबली जमावाने त्याच्या घरावर दगडफेक केली होती, तेव्हा काय सांगावं आणि काय गिळावं याचं भान त्याला असणारच. पण पाहा: गाळलं हेही तो सांगून गाळतो. ती पत्रं होती आणि कुणीतरी त्यांना घाबरत होतं, एवढी बातमी त्याच्या मौनातूनही आपल्याला मिळते. मिस्कवैहसारख्या पुढच्या शहाण्या लेखकाने प्रेषितांचे चमत्कार राज्यकारभाराला उपयोगाचे नाहीत म्हणून बाजूला ठेवले. व्यवहाराच्या दृष्टीने ठीक. इब्न अल-असीरने (११६० ते १२३३) मात्र तबरीचाच ग्रंथ पायाला घेतला, साखळ्या काढल्या, चार कथनांतलं सर्वांत भरगच्च कथन निवडलं आणि एकसलग, देखणा इतिहास लिहिला. आजच्या वाचकाला तोच अधिक ‘आधुनिक’ वाटतो. मला तो अधिक धोक्याचा वाटतो. सर्वांत भरगच्च कथन हेच सर्वांत रचलेलं असण्याचा संभव जास्त, हे वर वाकिदीच्या बाबतीत आपण पाहिलंच.

तिसरा आक्षेप इब्न खल्दूनचा, आणि सुशिक्षित मराठी वाचकाला हाच सर्वांत जास्त पटतो. इतिहासकार म्हणजे काय टपाल खातं आहे? माणूस तपासून काय उपयोग, गोष्ट मुळात शक्य आहे का ते बघा! १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने दहाव्या शतकातल्या मसऊदी या प्रवासी इतिहासकाराची यथेच्छ खरडपट्टी काढली. मूसा (मोझेस) यांनी वाळवंटात मोजलेलं इस्राएली सैन्य सहा लाखांवर होतं असं मसऊदी लिहितो. एवढं सैन्य कुठल्या रणांगणावर उभं राहील? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळेल का? याकूबपासून मूसापर्यंतच्या मोजक्या पिढ्यांत एवढी संतती वाढेल तरी कशी? वाचताना टाळी द्यावीशी वाटते. पण थोडं पुढे वाचा. मोठमोठ्या साम्राज्यांचीसुद्धा फौज इतकी नसे, हे दाखवायला तो कादिसियाच्या लढाईतल्या इराणी फौजेचा आकडा देतो, एक लाख वीस हजार. हा आकडा कुणाचा? सैफ इब्न उमरचा! परीक्षकांनी ओवाळून टाकलेल्या त्याच सैफचा. शेजारी साठ हजारांचा दुसरा आकडाही तो देतो खरा, पण सैफ कोण, हे विचारत नाही. आणि हारून अल-रशीदची बहीण अब्बासा आणि बर्मकी वजीर जाफर यांची प्रेमकथा तो का फेटाळतो? एवढ्या थोर कुळातली स्त्री असं करणं शक्यच नाही म्हणून. गोष्ट खोटी असेलही, पण हे कारण एखाद्या कर्मठ काकांच्या तोंडी शोभेल, समाजशास्त्राच्या जनकाच्या नव्हे. ‘शक्य काय’ याची कसोटी शेवटी लिहिणाऱ्याच्या काळातून आणि त्याच्या समजुतींतूनच येते. दोन्ही तपासण्या लागतात, माणसाचीही आणि गोष्टीचीही. इब्न खल्दूनने दुसरी शिकवली म्हणून पहिली मोडीत काढायचं काही कारण नाही. तबरीने निकाल दिला नाही हे खरं. त्याने निकालाचे कागद मात्र जाळले नाहीत.

मसऊदीवर इथे थोडा अन्याय झाला, तो दुरुस्त करतो. साखळ्या त्यानेही सोडल्या, पण बदल्यात पाय वापरले. सिंधू नदी नाईलमधूनच निघते, कारण दोन्हींत मगरी आहेत, असं जाहिझसारखा विद्वान लिहून गेला होता. मसऊदीने त्याची टर उडवली की या गृहस्थाने समुद्र पाहिलेला नाही, प्रवास केलेला नाही. गेंड्याचं पिल्लू सात वर्षं आईच्या पोटात राहतं ही जाहिझची दुसरी कथा त्याने सिराफ (इराणी आखातातलं बंदर) आणि ओमानच्या आणि हिंदुस्थानात भेटलेल्या व्यापाऱ्यांना विचारून पाहिली, आणि तेही चाट पडले. हा माणूस हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, आपल्या चौलला आला होता. त्याच्या लिखाणात ते सैमूर. तिथे झंझ राजा, म्हणजे शिलाहारांचा झंझ, राज्य करत होता आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असं तो लिहितो. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. आकडा गोल आहे, त्यामुळे तो ताणलेला असू शकतो. पण साक्षीदार स्वतः तिथे उभा होता. ठाण्याच्या स्वारीसाठी भांडणाऱ्या एकाही बाजूला चौलची ही साक्ष आठवत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. बहुधा तिच्यात भांडायला पुरेसं रक्त नाही.

आता काहीजण म्हणतील, मग हे सगळं सोडून बाहेरचेच पुरावे का घेऊ नयेत? क्रोन आणि मायकेल कुक यांनी १९७७ मध्ये तो प्रयोग केला: अरबी परंपरा पूर्ण बाजूला ठेवायची आणि ग्रीक, सुरियानी (तिकडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा), आर्मेनियन लिखाणावरून इस्लामचा आरंभ नव्याने लिहायचा. हादरा चांगला बसला, पण त्यांचे बरेचसे निष्कर्ष टिकले नाहीत. कारण बाहेरचा माणूसही ऐकीवच लिहीत होता, आणि घाबरून लिहीत होता. आपल्याकडे राजवाड्यांनी बखरींविरुद्ध अस्सल पत्रांची बाजू घेतली तेव्हा त्यांच्या हाती निदान दफ्तरांचे ढीग होते. सातव्या शतकातल्या अरबस्तानाचं दफ्तर कुठून आणणार? चिठोरी मिळतात, आणि ती मौल्यवान आहेत. इजिप्तमध्ये हिजरी २२ ची ६५ मेंढ्या मिळाल्याची ग्रीक-अरबी पावती सापडली आहे. अरबस्तानातल्या अल-उलाजवळच्या खडकावर झुहैर नावाच्या कुणी कोरलंय की (खलिफा) उमर वारले तेव्हा, चोवीस साली, हे मी लिहिलं. ही चिठोरी परंपरेचा सांगाडा बऱ्याच ठिकाणी पक्का करतात. मांस मात्र परंपरेतूनच घ्यावं लागतं. अरब आणि बायझंटाईन फौजांमधली यर्मूकची लढाई घ्या. सैफ ती हिजरी १३ मध्ये घालतो, इब्न इसहाक आणि वाकिदी १५ मध्ये. तबरीने दोन्ही मतं नावानिशी ठेवली. पुढे सुरियानी बायबलच्या एका हस्तलिखिताच्या कोऱ्या पानावर कुणीतरी खरडलेली ६३६ ची, म्हणजे हिजरी १५ ची, नोंद वाचली गेली आणि पारडं १५ कडे झुकलं. सैफचं नाव तबरीने मिटवलं असतं, तर वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं कथन इतरांपासून सोलून काढताच आलं नसतं. आणि १९९५ मध्ये सैफच्या मूळ ग्रंथाचा एक तुकडा छापून आला, तेव्हा तो तबरीशी ताडून पाहता आला तोही त्यामुळेच. सभासदाने शिवछत्रपतींनंतर पंधरा-सतरा वर्षांतच लिहिलं, इब्न इसहाकपेक्षा कितीतरी जवळून. पण त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या बखरकारांनी दर परिच्छेदाला ‘हे मला अमक्याने सांगितलं’ असं लिहून ठेवलं असतं, तर राजवाड्यांचा निम्मा राग तिथेच उतरला असता.

तर ठाणे. बलाझुरीच्या त्या ओळींना साखळी आहे, आणि तिच्या टोकाला अली इब्न मुहंमद, म्हणजे अल-मदाइनी आहे: जन्म ७५२ चा, बसराचा, शंभराहून जास्त पुस्तिका लिहिणारा, ज्यांतल्या बहुतेक हरवल्या. खबर अशी: खलिफा उमर यांनी सकीफ टोळीच्या उस्मान इब्न अबिल-आसला बहरीन आणि ओमानवर नेमलं. त्याने भावाला, हकमला, बहरीनला पाठवलं, स्वतः ओमानला गेला आणि एक फौज तानाकडे, म्हणजे ठाण्याकडे, धाडली. फौज परतल्यावर त्याने खलिफांना कळवलं. उमर यांनी उत्तर लिहिलं की हे सकीफच्या भावा, तू किडा लाकडावर बसवून पाठवलास. ती माणसं दगावली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून मी वसूल केली असती. लढाई नाही, लूट नाही, जय नाही. स्वारीच्या नावाखाली मिरवणारे आणि ती नाकारणारे, दोघांनाही या मजकुरात फारसं काही मिळत नाही.

आता पद्धत लावून बघू. लाकडावरच्या किड्याची ती प्रतिमा तबरीतही आहे. तिथे मात्र ती उमर यांचाच सरदार अम्र इब्न अल-आस याच्या तोंडी आहे आणि प्रसंग भूमध्य समुद्राचा आहे. मुआवियाला सायप्रसवर आरमार न्यायचं होतं, खलिफांनी अम्रला समुद्र कसा असतो ते विचारलं, आणि त्याने लिहिलं: माणसं म्हणजे लाकडावरचे किडे, कललं तर बुडाले, तरलं तर गांगरलेले. अरबीत हे ‘दूद अला ऊद’, यमक जुळलेलं, तोंडात बसणारं. असं वाक्य पाय फुटून फिरतं. आज एकाच्या पत्रात, उद्या दुसऱ्याच्या. समुद्राला भिणारे, दुरून पत्राने सरदारांचे कान उपटणारे उमर हा तर या ग्रंथांतला ठरीव प्रसंगच. तेव्हा पत्र मी बाजूला काढतो. उरतं काय? एका सुभेदाराचं नाव, त्याच्या भावाचं नाव, एका बंदराचं नाव आणि फौज परतल्याची कोरडी नोंद. उस्मानचं कुटुंब पुढे बसऱ्यालाच राहिलं आणि मदाइनीही बसऱ्याचाच. घरची आठवण त्याच्यापर्यंत पोचायला अंतर फार नव्हतं. शिवाय जिच्यात पराक्रम काहीच नाही आणि वर खलिफांची बोलणी आहेत, अशी गोष्ट कुटुंबाने मुद्दाम कशाला रचावी?

परवा गटात एकाने सरळच विचारलं, पाल्हाळ नको, ठाण्यावर फौज आली होती की नाही, हो किंवा नाही सांगा. मी लिहिलं: बहुधा आली होती, आणि आली तशी परत गेली, पत्राचं मात्र मी काही सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंनी मला समोरच्या पक्षात टाकलं.